श्वास कापणारा संगीतकार

मी संगीतकार आहे असं शहाद्यात सांगितलं की लोक म्हणतात, ते ठीक, पण करता काय? खानदेशातल्या लग्नांत डीजेवर वाजणारी अहिराणी गाणी करतो. माझ्या चालींवर नवरदेवाचे मित्र भर उन्हात घाम गाळतात. यातून कलेची सेवा होते असं मी मुलाखतीत सांगितलं असतं, पण मुलाखत घ्यायला अजून कोणी आलेलं नाही.

उरलेल्या वेळात गेम खेळतो. बंदुकांचा, चौघांच्या टीमचा. बाकीची तिघं सुरतेकडची कॉलेजची पोरं, मला अंकल म्हणतात आणि माझ्या नेमबाजीची खिल्ली उडवतात. दोन्ही कामांना कॉम्प्युटर तोच, खुर्ची तीच, हेडफोनही तेच, त्यामुळे घरच्यांना फरक कळत नाही. मी गोळ्या खाऊन आडवा झालेला असतो आणि बाहेर आई पाहुण्यांना दटावत असते, "धीरे बोला, तो गाणं बनाडी ऱ्हायना." मी गाणं बनवतोय हा तिचा गैरसमज मी कधी दूर केला नाही. कोण करेल?

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. हळदीला बायांनी स्वतःच्या तोंडाने म्हणायचं एक गाणं. आईच्या स्वतःच्या हळदीला मांडवात बायांच्या दोन बाजू बसल्या होत्या, एक ओळ या बाजूने म्हणायची, पुढची त्या बाजूने उचलायची. आता हळदीलाही डीजे येतो आणि बाया नुसत्या बसून राहतात. लेकीला त्या दणदणाटात हळद लागणार, हे आईला सोसवत नव्हतं. दुनियेच्या लग्नांना गाणी देतोस, मला एक दे, असं ती म्हणाली.

मी हो म्हटलं आणि पंधरा दिवस गेम खेळलो. हळद चार दिवसांवर आली तेव्हा घाईघाईने चाल बांधली, शब्द बसवले आणि नेहमीच्या गायिकेकडून गाऊन घेतलं. मग नेमाने केलं ते माझं लाडकं काम. ओळींच्या मध्ये गायिकेचा श्वास ऐकू येतो, तो मी कापून टाकतो आणि ओळी एकमेकींना चिकटवतो. गाणं कसं गुळगुळीत होतं. या कामात माझा हात धरणारं आसपास कोणी नाही.

आईने शेजारच्या बाया जमवल्या, ब्राह्मणपुरीची मावशी आली, आणि मोबाइलवर गाणं लावून सगळ्या म्हणायला बसल्या. दुसऱ्या कडव्यात मावशीचा चेहरा लाल झाला, तिसऱ्यात दोघी खोकू लागल्या. मावशी तर हसत गादीवर लवंडली. आई हसली नाही.

"चाल बरी शे," ती म्हणाली, "पन बाईनी दम कव्हय लेवाना?"

मला राग आला. एवढा नावाजलेला माणूस मी, आणि श्वास कधी घ्यायचा हे या मला शिकवणार. खोलीत जाऊन हेडफोन चढवले आणि गेम सुरू केला. थोड्या वेळाने आई मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर एक इमारत जळत होती आणि मी खिडकीतून गोळ्या झाडत होतो, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने माझंच गाणं म्हणायला सुरुवात केली. दोन शब्द गाळले, एक अक्षर लांबवलं, आणि जिथे दम संपला तिथे सरळ थांबली. त्या थांबण्याने चाल बिघडायला हवी होती. ती सुधारली, आणि मला फार लाज वाटली.

माझा माइक चालूच होता. सुरतेच्या पोरांनी खेळणं थांबवलं होतं. मी गडबडीने माइक बंद करायला गेलो तर त्यातला एक म्हणाला, "अंकल, आंटी को गाने दो." आमच्यापैकी कोणीच गोळी झाडत नव्हतं, त्यामुळे चौघेही मेलो. मी कागद ओढला आणि ती जसं म्हणत होती तसं गाणं उतरवून घेतलं.

हळदीच्या दिवशी आईने डीजेवाल्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि गप्प बसवलं. बायांच्या दोन बाजू समोरासमोर बसल्या. एक बाजू आईची. मी पुरुषांत, मांडवाच्या खांबाला टेकून. पहिली दोन कडवी छान झाली. तिसऱ्यात मायबाप मागे राहतात ती ओळ आली, आणि बहिणीच्या गालाला हळद लावता लावता आई मध्येच अडली. ती गप्प झाली तशी तिची बाजूही गप्प झाली. समोरच्या बाया पुढची ओळ उचलायला ताटकळल्या.

ती ओळ मी म्हटली. हळदीचं गाणं पुरुष म्हणत नाहीत, आणि माझा आवाज असा की स्वतःच्या गाण्यातही मी तो कधी वापरलेला नाही. मावशी तोंडाला पदर लावून हसू लागली, बहीण हसली, डोळे पुसता पुसता आईही हसली. मला रडू कोसळलं, पण समोरच्या बायांनी त्यांची ओळ संपवली होती आणि त्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या, म्हणून मी पुढची ओळ म्हटली.