बाकी नसल्याचा दाखला

मी बडोदं सोडलं त्या दिवशी टॅक्सी दारात उभी होती, बॅगा चढवून झाल्या होत्या आणि बाबांचा पत्ता नव्हता. वासणा रोडवरच्या आमच्या बैठ्या घरांच्या सोसायटीतली निम्मी टेनामेंटं फाटकापाशी जमली होती. समोरच्या हंसाबेन दही-साखरेची वाटी घेऊन ताटकळत होत्या. आईने थेपल्यांच्या डब्यावर बटाट्याच्या ओलसर लिलो चेवड्याचं पुडकं बांधलं होतं, आणि काही सुचत नव्हतं म्हणून ती त्यावर पुन्हा एक दोरी आवळत होती. ड्रायव्हर अहमदाबादच्या विमानाची आठवण करून देत होता. आणि बाबा स्कूटर घेऊन नदीपलीकडे शहरात गेले होते, कारण माझ्या कार्डावर वाचनालयाचं एक पुस्तक राहिलं होतं.

पुस्तकाची मुदतही संपली नव्हती. आई नंतर सहज देऊन आली असती. पण बाबा घामाघूम होऊन परतले, हेल्मेट काढायच्या आधी माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "आता तुझ्या नावावर इथे काही बाकी नाही. बाकी ठेवून घर सोडू नये." मला इतका राग आला होता की मी नीट वाकून नमस्कारही केला नाही. हंसाबेननी दही भरवलं. "दोन वर्षांत येते," असं मी सगळ्यांना मिळून सांगितलं आणि गाडीत बसले. मागून सोसायटीचं "आवजो, आवजो" ऐकू येत राहिलं.

बडोदेकरांनो, तुमच्यापैकी जे तिथेच राहिलात, गोत्रीला फ्लॅट घेतलात, संध्याकाळी अजून अकोट्याच्या पुलावरून जाता, त्यांना बाबा माहीत आहेत. जे माझ्यासारखे निघालात त्यांच्यासाठी सांगते. आमचे आजोबा महाराजांच्या काळी हुजूर कचेरीत होते. बाबा एका सरकारी कचेरीतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. आलेल्या कागदाला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे हा आमच्याकडे धर्मच होता. सोसायटीत कुणाला वेरा, म्हणजे घरपट्टी, भरला नाही म्हणून नोटीस आली, की तो माणूस ती घेऊन आमच्या ओट्यावर यायचा, आणि बाबा त्याला इंग्रजीत अर्ज लिहून द्यायचे. 'सविनय निवेदन' त्यांच्या इंग्रजीतही असायचं. त्या इंग्रजीचा आम्हाला फार अभिमान होता.

निघण्यापूर्वी मी त्यांना अकोट्याच्या एका सायबर कॅफेत ई-मेलचा पत्ता काढून दिला होता. पासवर्ड त्यांनी पाठ केला. मंगळवारी आणि शनिवारी ते तिथे जाऊन मला पत्र लिहायचे, खाली तारीख आणि सही टाइप करून. मी चार ओळींत उत्तर द्यायची. अभ्यास आहे, थंडी आहे, जेवते आहे.

कॅनडातल्या त्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मला ओपन सोर्सचं काम मिळालं. म्हणजे असं सॉफ्टवेअर, जे कुणा एकाच्या मालकीचं नसतं; ज्याला हवं त्याने उघडून बघावं, सुधारावं, वापरावं. आमचं सॉफ्टवेअर छोट्या वाचनालयांसाठी होतं. रूथ नावाची युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयातली बाई ते चालवायची, आणि दर उन्हाळ्यात तीन-चार विद्यार्थी तिच्या हाताखाली काम करायचे. बाकीची माणसं जगभर पसरलेली. त्यांचं सगळं बोलणं एका मेलिंग लिस्टवर व्हायचं, म्हणजे एकाने लिहिलेलं पत्र सगळ्यांना जायचं. तुमचं काम तिथे ठेवायचं, मग लोक ते आपापल्या मशीनवर चालवून बघणार आणि चुका सगळ्यांदेखत सांगणार. तिथे कुणी साहेब नव्हता. मी माझ्या आद्याक्षरांनी सही करायची. लिस्टवरचे सगळे मला पुरुष समजत होते, आणि मी समजू देत होते. त्यात मला सुरक्षित वाटायचं. उन्हाळ्याअखेर माझं काम मूळ सॉफ्टवेअरमध्ये घेतलं गेलं तर पुढची नोकरी जवळजवळ नक्की होती.

माझ्या वाट्याला आली ती आठवणपत्रं. पुस्तकाची मुदत उलटली की सभासदाला सॉफ्टवेअरने आपोआप मेल पाठवायची. ती नीट जाते का हे तपासायला एक टेस्ट लिहायची असते: एक खोटा सभासद, त्याने नेलेलं एक पुस्तक, उलटलेली मुदत. सभासदाचं नाव हवं होतं. माझी बोटं थांबलीसुद्धा नाहीत. श्रीधर वामन चिटणीस. पत्ता हवा होता, तोही बाबांचाच टाकला. जगात ज्या माणसाने एक पुस्तक कधी उशिरा दिलं नाही, त्याला मी मुदत चुकवणारा केला आणि मला स्वतःशीच हसू आलं. आमच्या लॅबच्या मशीनवर सॉफ्टवेअरने पाठवलेली मेल बाहेर जातच नसे, त्यामुळे पत्ता खरा आहे याने काही बिघडेल असं वाटलं नाही. मी काम लिस्टवर ठेवलं.

इतरांच्या मशीनवरून मेल जात होती. मग फिनलंडमधल्या कुणी टेस्ट चालवली, ब्राझीलमधल्या कुणी चालवली, ऑस्ट्रेलियातल्या एका शाळेने चालवली. प्रत्येक वेळी अकोट्याच्या त्या सायबर कॅफेत बाबांना एक सूचना जात होती: आपल्या नावे असलेल्या पुस्तकाची मुदत संपली आहे, कृपया त्वरित परत करावे. खाली टेस्ट चालवणाऱ्याचं नाव, देश आणि उत्तरासाठी आमच्या लिस्टचा पत्ता.

शनिवारी बाबा कॅफेत गेले, आणि त्यांनी सगळ्या सूचना वाचल्या. त्यांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर पोरीवर आळ घेतल्यासारखं झालं असतं, असं आईने मला पुढे सांगितलं. ते तडक शहरात आपल्या वाचनालयात गेले, तिथून आपल्या नावे कोणतंही पुस्तक बाकी नसल्याचा दाखला शिक्क्यासह घेतला, तो स्कॅन करवला, आणि प्रत्येक सूचनेला वेगळं उत्तर लिहिलं. ती सगळी उत्तरं लिस्टवर आली. म्हणजे सगळ्यांकडे.

सोमवारी सकाळी मी लॅबमध्ये मेल उघडली तेव्हा ती एकाखाली एक उभी होती. माननीय महोदय, आपली सूचना मिळाली. मी फिनलंड देशात कधी आलेलो नाही, तथापि माझी कन्या सध्या परदेशी शिक्षण घेत असून तिच्याकडून माझ्या नावे पुस्तक घेतले गेले असल्यास मी दिलगीर आहे. ती बेजबाबदार नाही. पुस्तक हाती आले की तिला वेळेचे भान राहत नाही, जेवणाचेही नाही. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत असा प्रसंग आलेला नाही, सोबत दाखला जोडला आहे. दंड असल्यास तो मला लावावा, तिला लावू नये. ब्राझीलच्या पत्रात फक्त देशाचं नाव बदललं होतं. शेवटच्या पत्रात, बहुधा लिहून दमल्यावर, त्यांनी एक वाक्य जास्त घातलं होतं: ती आपल्याकडे येत असल्यास तिची प्रकृती कशी आहे ते कृपया कळवावे, कारण तिची पत्रे फार त्रोटक असतात.

त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, हा कोण माणूस आहे, स्पॅम आहे का?

आजूबाजूची मुलं आपापल्या पडद्याकडे बघत होती, म्हणजे त्यांनी वाचलं होतं. मला बाबांची लाज वाटली. त्या इंग्रजीची, त्या शिक्क्याची, तीन पिढ्यांची, कन्येची. ज्या इंग्रजीसाठी माणसं आमच्या ओट्यावर रांग लावायची ती इथे जुन्या कोटासारखी दिसत होती. आणि तेवढ्यात त्या शेवटच्या वाक्यावर नजर परत गेली, आणि लाज उलटून माझ्यावर आली ती आजतागायत माझ्यावरच आहे. माझी प्रकृती कशी आहे हे माझ्या बापाला परक्या देशातल्या अनोळखी माणसाला विचारावं लागलं होतं.

रूथने आरडाओरडा केला नाही. तिने लिस्टवर दोन ओळी टाकल्या: टेस्ट दुरुस्त होईपर्यंत कुणी चालवू नये, आणि श्री. चिटणीस हे आमच्या सहकाऱ्याचे वडील आहेत, त्यांच्याकडे काहीही बाकी नाही. मी तिला म्हटलं, ही पत्रं पुसता येतील का. ती म्हणाली, नाही, इथे लिहिलेलं राहतं, तोच आपला नियम आहे. लोक भले होते. फिनलंडवाल्याने बाबांना अदबीने लिहिलं की पुस्तक सुखरूप पोहोचलं, आभार. इतरांनीही तसंच लिहिलं. स्पॅम म्हणणाऱ्यानेही लिहिलं.

त्याने घोटाळा वाढला. बाबांना वाटलं की मी खरंच पुस्तकं नेली होती आणि आता घाईघाईने सगळीकडे परत केली. मी फोन लावला तेव्हा ते खूश होते. "केलीस ना परत? बस," एवढंच म्हणाले. मग मला सगळं सांगावं लागलं. पुस्तक नव्हतं, सभासद खोटा, सूचना खोट्या, आणि ती लिस्ट सगळ्यांची.



"म्हणजे माझी पत्रं सगळ्यांनी वाचली?"

"हो, बाबा."

"तुझं काही नुकसान झालं त्याने?"

मी नाही म्हटलं. ते "सारू", म्हणजे बरं, म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

त्यानंतर ते सायबर कॅफेत गेले नाहीत. आई म्हणायची, डोळ्यांवर ताण येतो म्हणतात. मंगळवार गेले, शनिवार गेले. त्यांच्या ज्या लांबलचक पत्रांना मी चार ओळींत उडवत होते ती बंद झाली, आणि मग मी वाट बघायला लागले. रविवारी फोन केला की ते "बरी आहेस ना, जेवलीस का" विचारून बाजूला व्हायचे. माझा आब राखायला गेलेला माणूस आपला आब गेला म्हणून गप्प झाला होता.

टेस्टमधला पत्ता मी पहिल्याच दिवशी काढला होता. नाव तसंच होतं. नावाने कुणाला मेल जात नाही, म्हणून राहू दिलं होतं. उन्हाळा संपता संपता एका रविवारी बाबांनी फोन आईकडे दिला नाही. घसा साफ करून म्हणाले, "तुमच्या त्या तपासणीत माझं नाव अजून आहे का?"

मी म्हटलं, पत्ता काढला, नाव आहे, पण त्याने आता काही होत नाही.

"म्हणजे कोणी ती चालवली, की मी पुस्तक परत केलेलं नाही असं निघतं."

"ते खोटं असतं, बाबा. नुसतं नाव आहे."

"नाव माझं आहे ने?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बसून आणखी एक टेस्ट लिहिली. तिची कुणी मागणी केली नव्हती. तिच्यात एक सभासद पुस्तक नेतो, मुदतीआधी परत करतो, आणि सॉफ्टवेअरने त्याला कोणतीही सूचना पाठवायची नसते. त्या सभासदाचं नाव श्रीधर वामन चिटणीस. तिथे प्रत्येक बदलासोबत तो का केला हे एका ओळीत लिहायचं असतं. मी लिहिलं, हे गृहस्थ पुस्तक नेहमी वेळेवर देतात. आणि खाली पहिल्यांदाच माझं पूर्ण नाव लिहिलं, बाबांच्या नावासकट. रूथने ते काम लगेच घेतलं. फिनलंडवाल्याने लिहिलं, आम्हाला माहीत आहे, आम्ही दाखला पाहिला आहे.

फोनवर सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "आता बरोबर झालं." पत्रं मात्र त्यांनी पुन्हा लिहिली नाहीत.

मला नोकरी मिळाली. मग दुसरी मिळाली, घर झालं, इथल्या बर्फाला मी बर्फ म्हणणंही सोडलं, स्नो म्हणते. वासण्याला दर दोन-तीन वर्षांनी जाते, परतीचं तिकीट हातात ठेवूनच. लिलो चेवडा आता इथल्या गुजराती दुकानात मिळतो. तुमच्यातले काही जण म्हणाल, घर म्हणजे आता जिथे आपण आहोत तेच. मीही म्हणते, पार्टीत विचारलं की. पण मला खरं विचाराल तर घर म्हणजे ती जागा, जिथे माझ्या नावावर बाकी आहे आणि कुणी मागत नाही.

ते सॉफ्टवेअर अजून चालतं. कुठल्या तरी गावातलं वाचनालय ते बसवतं, टेस्ट चालवतं, आणि क्षणभरात बाबा एक पुस्तक नेतात आणि वेळेवर परत करतात. त्याच्या आधीची, मुदत उलटलेल्या सभासदाची टेस्टही तिथेच आहे. तिच्यात नाव रिकामं ठेवता येत नाही, म्हणून नवी टेस्ट लिहिली त्याच दिवशी मी तिथे बाबांच्या नावाऐवजी माझं घातलं. लोकांना ती गंमत वाटते. दर वेळी मला सूचना निघते, कृपया त्वरित परत यावे असं नाही, परत करावे एवढंच. आलेल्या प्रत्येक कागदाला त्याच दिवशी उत्तर देणाऱ्या माझ्या बाबांनी मला मात्र इतक्या वर्षांत एकही सूचना पाठवली नाही. रविवारी फोन केला की ते अजून तेच विचारतात, जेवलीस का.