बरा झालेला हात

लीला गेली ती पलीकडच्या आळीत, मनीषाच्या न्हाणीत. सव्वा महिना झाला. मनीषाची चार महिन्यांची मुलगी पायांवर घेऊन तिला तेल लावत होती. मध्येच म्हणाली, "धर गो हिला, मला गरगरतंय." पोर आईच्या हातात नीट दिलं आणि भिंतीला टेकली... तेवढंच. मनीषाचा नवरा सांगायला धावत आला तेव्हा मी पडवीत जाळं सांधत होतो. मनात पहिलं काय आलं ते लाज सोडून लिहितो. शेवटचा हातसुद्धा त्या पोरीलाच लावलान, मला नाही.

माझी बायको मांडवीत चाळीस वर्षं लोकांच्या बाळांना न्हाऊमाखू घालत आली. आम्हाला मूल झालं नाही. मी होडीवरून यायचो तर घराला कडी, चहा झाकलेला, आणि ही कुणाच्या तरी न्हाणीत पाटावर पाय पसरून बसलेली. घरी आली की बोलणं तेच. "आज त्याला हात सापडला."

"हरवला कधी होता?"

"अवो, हात आपला आहे हे बाळाला ठाऊक नसतं. स्वतःचीच मूठ तोंडावर आपटतं नि कुणी मारलं म्हणून रडतं. मग एक दिवस ती मूठ डोळ्यांसमोर धरतं आणि बघत राहतं, बघत राहतं..."

हे सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा की मला त्या पोराचा राग यायचा. पोर तीन महिन्यांचं, मी पन्नाशीचा गडी. तरी यायचा. दोर ओढून माझ्या हाताला पडलेले घट्टे तिनं कधी असे बघितले?

तेल झालं की ती बाळाचा उजवा हात डाव्या पायाला लावायची, डावा हात उजव्या पायाला. दोन्ही बाजूंची ओळख करून देते म्हणायची. ओळख झाली की पालथं पडतं, मग रांगतं.

चार वर्षांपूर्वी मला झटका आला आणि उजवा हात लोंबायला लागला. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ती करून घ्यायचीच, वर आपलं तेल. मला चटईवर निजवून उजवा हात डाव्या गुडघ्याला. पायापर्यंत कुठला पोचतोय! बाळासाठी बोलवायला दारात आलेल्या बायकांना "दुसरी कोण बघा" म्हणून सांगितलान. रोज सकाळी विचारायची, "हा हात कुणाचा?"

"तुझा."

"गप, मेल्या."

पाचव्या महिन्यात एका सकाळी ती विहिरीवर असताना माझी बोटं मिटली. मूठ झाली. ती डोळ्यांसमोर धरून मी बघत राहिलो. हाक मारायला तोंड उघडलं... आणि मिटलं. हात बरा झाला की ही परत त्या पोरांकडे जाणार. मी हात लोंबताच ठेवला. दोन महिने भातसुद्धा भरवून घेतला. मग माझीच मला शरम वाटली आणि हळूहळू बरा झाल्याचं सोंग केलं. ती गेली परत पाटावर. खरं सांगायचं राहून गेलं.

तेराव्याला मनीषा पोरीला घेऊन आली. म्हणाली, "काका, माझ्या मोठ्याच्या वेळी मी काकींना बोलवायला आले होते. त्या म्हणाल्या, हात बरा झालाय ह्यांचा, दुपारी झोपेत माश्या वारतात त्या हाताने."

मी गारच पडलो. "मग का नाही आली?"

"मीपण तेच विचारलं. म्हणाल्या, त्यांना अजून थोडं पाहिजे. बाळाला सांगता येत नाही, तसं ह्यांनापण येत नाही." पदराने डोळे पुसून वर म्हणते, "माझ्या पोराचे दोन महिने खाल्लेत तुम्ही!"

मला रडू यायला हवं होतं. आलं, पण नंतर. आधी मनात आलं, हे तिनं मनीषाला सांगितलं, मला नाही.

जाताना मनीषाने लीलाची तेलाची पितळी वाटी मागितली, त्या दिवशी तिच्याबरोबर घरी आलेली. दुसऱ्या वाटीतलं तेल लावलं की पोर अंग चोरते म्हणे. नाही म्हणालो. लीलाने कोमट केलेलं तेल तिच्यात अजून आहे, तळाला. रोज सकाळी चटईवर बसतो, एक बोट बुडवतो, उजव्या हाताला चोळतो आणि तो हात डाव्या गुडघ्यावर ठेवतो. तेल संपलं की वाटी त्या पोरीला देईन. त्याआधी नाही.