आठ दिवस उशिरा पाठवलेली दुरुस्ती

इन्व्हर्टरच्या बॅटरीचा आंबट वास आला की मला बीडच्या बसस्टँडमागची आमची क्लासची खोली आठवते. तिथे मी आणि माझी मैत्रीण मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवायचो. ज्या फुकटच्या एडिटरमध्ये आम्ही कोड लिहायचो, त्यातल्या चुकांच्या यादीवर क्लिक केलं की कर्सर चूक असलेल्या ओळीवर न जाता तिच्या खालच्या ओळीवर जायचा. जगभरातले लोक मिळून तो एडिटर सांभाळत. दुरुस्ती कुणीही पाठवू शकत होतं. मैत्रिणीनं बिघाड शोधला आणि तीन ओळी बदलल्या. "ही दुरुस्ती त्यांनी घेतली ना, तर पुण्याच्या मुलाखतीत दाखवायला कायतरी हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "न्हाईतर दिवाळीनंतर घरचे लग्न उरकतेत." दुरुस्तीसोबत एडिटरच्या माहितीचं पानही सुधारून पाठवावं लागायचं, आणि ते काम माझं होतं. अर्ध्या तासाचं ते काम मी आज-उद्या करत आठ दिवस लांबवलं, आणि तिला नेट नसल्याचं सांगत राहिले. शेवटी सगळं पाठवलं, तर दुसऱ्याच दिवशी एडिटरवाल्यांचं उत्तर आलं: हीच दुरुस्ती परवा दुसऱ्या कुणाची तरी घेतली आहे, आभार. पंख्याखाली उभी राहून तिनं ते दोनदा वाचलं. "नशीब बग कसं हाय," एवढंच म्हणून ती फळा पुसायला लागली. पुण्याला ती गेलीच नाही. आता तिला दोन लेकरं आहेत. सणासुदीला फोन करते आणि अजूनही त्या नशिबालाच बोल लावते. मी ऐकून घेते, आणि दर वेळी विषय बदलते.