पेरूच्या झाडावरचे चौदा खेळ

माझ्या नातीचे चौदा खेळ मी पेरूच्या झाडावर टांगले होते, हे आधीच कबूल करून टाकते. मागाहून दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. मधोमध भोक होतंच त्यांना, दोरा ओवायला वेगळी खटपट नव्हती. वसईजवळ वटारला आमच्या घरामागे पेरूची दोन झाडं आहेत आणि पोपटांची एक टोळी आहे, जी पेरू पिकायच्या आदल्या दिवशी हजर होते. शेजारच्या वाडीत जुन्या सीड्या टांगल्या होत्या. उन्हात चमकायच्या, पाखरं बुजायची. मला वाटलं, आपल्याकडे तर चौदा आहेत, त्याही रंगीत. पोपट दोन दिवस बुजले. तिसऱ्या दिवशी फांदीवर बसून, सीडीत आपलं तोंड बघत बघत पेरू खायला लागले.

तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते. आता सहासष्टची आहे, त्यामुळे त्या अल्लड बाईबद्दल दोन शब्द बोलायचा मला अधिकार आहे.

पण सगळा दोष तिचाही नाही. अर्धा त्या खेळाची मशीन बनवणाऱ्या कंपनीचा. तिचं नाव मी घेत नाही. घेतलं तर परत फोन येईल.

पहिली मशीन घरात आली तेव्हा नात सहा वर्षांची होती. मुलगा, सून, नात, सगळे वटारलाच राहायचे. काळा, जाडजूड डबा. वरून सीडी घालायची, बटण दाबायचं, खेळ सुरू. बस. आमचा खेळ गाड्यांच्या शर्यतीचा. टीव्हीचे दोन भाग व्हायचे, वरची गाडी तिची, खालची माझी. आम्ही दोघी बाजेवर बसायचो, ती उजवीकडे आणि मी तिच्या डावीकडे, म्हणजे माझं उजवं कोपर तिच्या बाजूला. त्या कोपराने तीस वर्षं विहिरीचं पाणी ओढलेलं आणि भाजीच्या पाट्या उचललेल्या. अवघड वळण आलं की ते आपोआप बाजूला सरकायचं आणि नातीची गाडी कठड्यावर जायची. ती ओरडायची, "आजी, चीटिंग!" मी म्हणायचे, "अगं, जागा कमी पडते." बाज चांगली सहा फुटांची होती.

मग मुलगा-सून नायगावला टॉवरमध्ये राहायला गेले. सुनेला कामावर जायला तिथून बरं पडतं, त्यात माझी तक्रार नाही. नात दर रविवारी अकराला यायची, चारला जायची. त्या पाच तासांवर माझे बाकीचे सहा दिवस चालायचे.

आणि अशात मुलाने हौसेने नवी मशीन आणली. त्याच कंपनीची. जुनी गेली माळ्यावर.

नवी मशीन दिसायला देखणी, पांढरी, फ्रिजच्या धाकट्या बहिणीसारखी. मी सीडी घालायला गेले तर तोंडच नाही! पुढून बघितलं, मागून बघितलं, उलटी करून बघितली. मुलगा म्हणाला, "आई, आता सगळं इंटरनेटवरून येतं." बरं बाबा, येऊ दे. तर म्हणे आधी खातं उघडा. खात्याला पासवर्ड. त्यात एक आकडा हवा, एक मोठं अक्षर हवं आणि एक असं चिन्ह हवं जे मी जन्मात कुठे लिहिलेलं नाही. नात दुसरी खेळाडू, तर तिला वेगळं खातं, आणि ती लहान म्हणून तिच्या खात्याला वडिलांची परवानगी. वडील आत झोपलेले. जुने रिमोट हिला चालेनात. डब्यात नवा रिमोट एकच. एकच! ज्याने हे ठरवलं त्याच्या घरी माणसं नसावीत.

आणि आमची गाड्यांची शर्यत? ती या मशीनवर नव्हतीच. तिच्याऐवजी एक नवी शर्यत होती. त्यात घराघरातून लोक एकमेकांशी खेळायचे, पण एका बाजेवर दोघींना खेळता येत नव्हतं. जगाच्या पाठीवरच्या कुणाही माणसाबरोबर मला शर्यत लावता येत होती, फक्त शेजारी बसलेल्या नातीबरोबर नाही.

त्यातून दर रविवारी अपडेट. पोर अकराला यायची, हात धुऊन बसायची, मशीन म्हणायची, थांबा. एकतीस टक्के. आम्ही जेवलो. चौतीस टक्के. मी भांडी घासली, ती मोबाइल बघत बसली. एकोणचाळीस. चार वाजता मुलाने गाडी काढली तेव्हा नव्वदवर आलं होतं. सोमवारी मी एकटी घरात आणि मशीन तयार! सोमवारी काय तिची आरती ओवाळू?

या सीड्या आता कशातच जात नाहीत, माळ्यावर धूळ खातात, हे बघून मी त्या पेरूला लावल्या. अल्लडपणा हा असा, विचार करून केलेला.

पुढच्या एका रविवारी एकतीस टक्क्यांवर नातीचा धीर सुटला. म्हणाली, "आजी, जुनी मशीन काढूया ना. गाडीची डिस्क कुठेय?"

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "आहे की, मागे."

ती मागच्या खोलीत गेली. परत आली. मग तिने खिडकीतून बाहेर बघितलं.

ती तशीच अनवाणी झाडाखाली गेली. मी पिठाचे हात घेऊन मागोमाग. गाडीची सीडी सगळ्यात खालच्या फांदीला होती. सातव्या वाढदिवसाला तिने तिच्यावर चांदणीचं स्टिकर चिकटवलं होतं, ते अर्धं निघून लोंबत होतं. सीडीवर ओरखडे होते आणि पोपटांनी जे करायचं तेही केलेलं.

"ही माझी गाडी आहे," ती म्हणाली. "विचारायचं तरी होतंस."

तेव्हा मला गप्प बसता आलं असतं. पण नाही. मी म्हटलं, "अगं, नव्या मशीनमध्ये चालतच नाहीत. मग ठेवून काय करायच्या?"

ती आत गेली. जेवली, चार वाजता गेली. पुढच्या रविवारी तिचा क्लास निघाला. त्याच्या पुढच्या रविवारी मैत्रिणीचा वाढदिवस. मग परीक्षा. मग डोकं दुखतंय. चार रविवार मी फोनवर एकेक आमिष दाखवत होते. "पातोळ्या करते, ये." "शहाळी उतरवलीत, ये." "तुला ते कानातलं हवं होतं ना, गाण्याचं, ते आणून ठेवते." ती शहाण्यासारखी म्हणायची, "हो आजी, बघते." बारा वर्षांची पोर "बघते" म्हणाली की समजावं, काम फिसकटलं.

आणि चौथ्या रविवारी, नात येत नाही म्हणून मी ताट झाकून ठेवत असताना, मोबाइलवर मेसेज आला. त्या मशीनच्या कंपनीचा. "तुमची खूप आठवण येते. परत या." खाली पत्त्यातल्यासारखा लाल बदाम. जिने म्हणावं ती म्हणत नव्हती आणि डबा म्हणत होता! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की झाकण ताटाऐवजी तांब्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फोन. मुलाने खात्यात माझाच नंबर घातलेला. पलीकडे एक मुलगी, गोड आवाजाची.

"मॅडम, तुम्ही लास्ट चार वीक खेळला नाहीत. तुम्हाला परत आणायला आमच्याकडे स्पेशल ऑफर आहे. एक महिना फ्री."

"फुकट खेळून काय करू? खेळायला माणूस नाही."

"ओके. मी रीझन नोट करते. 'कंटेंट आवडला नाही', 'वेळ नाही' की 'दुसऱ्या कंपनीकडे गेलो'?"

"बाळा, तुझ्या यादीत माझं कारणच नाही."

"मग 'इतर' टाकू? मॅडम, वय काय टाकू? इथे लास्ट ऑप्शन 'पंचेचाळीसच्या वर' आहे."

"टाक वर. बरंच वर."

ती हसली. हसली म्हणून मी सुटलेच. म्हटलं, तुमचं गिऱ्हाईक का पळतंय ते मला विचार, कारण मी स्वतः पळवलेलं आहे. आणि तिला सासूबाईंची गोष्ट सांगितली.

सासूबाई खाडीकडच्या भातशेतीवाल्या घरातल्या. वसईच्या गल्ल्यांतून त्या पाटी घेऊन भाजी विकायच्या. गुडघे धरले तेव्हा पाटी माझ्या डोक्यावर आली. मी दहावी पास, नवी नवरी, डोक्यात सुधारणा. म्हटलं, हे काय बायका वांगी दाबून बघतात, भेंडीची टोकं मोडतात! मी घरीच पावपाव किलोच्या पिशव्या भरल्या, तोंडाला गाठ मारली. हात लावायचा नाही, आहे तशी घ्या. वरची फुकट कोथिंबीर बंद. महिन्याभरात पाटी भरलेली जायची आणि भरलेली यायची. मग मी काय केलं? गल्लीच्या तोंडाशी उभी राहून आणखी मोठ्याने ओरडायला लागले.

एके दिवशी सासूबाई काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "ओरडतेस कोनाला? गेलेल्या मानसाला मोठ्यानं हाक मारली का ते जास्तच लांब जातं. दारात जावं लागतं." आणि गेल्या की, दुखऱ्या गुडघ्यांनी, दारोदार. मी मागे पाटी घेऊन. प्रत्येक दारात त्यांचं तेच वाक्य, "माझी सून शिकलेली हाय, म्हनून चुकली. घ्या, हातानं निवडून घ्या." बायका मला बघून पदराआड हसायच्या आणि वांगी निवडायला बसायच्या. सासूबाईंनी त्यांना नवीन काही दिलं नाही. मी जे काढून घेतलं होतं तेवढंच परत दिलं.

"तर तुझ्या साहेबांना सांग," मी त्या मुलीला म्हटलं, "आधी म्हणावं, चुकलो. मग मशीनला तोंड द्या. पोरांनी जपून ठेवलेल्या सीड्या चालू द्या. डब्यात दोन रिमोट घाला. माणूस खेळायला बसला की खेळ सुरू व्हायला पाहिजे, तुमची कामं तुम्ही तो नसताना उरका. आणि ते बदाम पाठवणं बंद करा. गेलेलं माणूस बदामाने येत नाही."

ती बिचारी टकटक लिहीत होती. मग हळूच म्हणाली, "मॅडम, बाकीचं मी फॉरवर्ड करते. पण जुन्या डिस्कचं कठीण आहे. नव्या मॉडेलमध्ये चालतच नाहीत ना. मग लोक त्या ठेवून तरी काय करणार?"

माझा आवाज! माझाच आवाज, पिठाच्या हातांचा, पेरूखालचा. मी एवढी कंपनीला शिकवत होते, आणि स्वतः चार रविवार काय केलं? घरी बसून बदाम पाठवले. पातोळ्यांचे, शहाळ्यांचे. चुकले म्हणून एकदाही म्हटलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा कुणावर जास्त चिडू, कंपनीवर की स्वतःवर, हे मला कळेना. शेवटी पोपटांवर चिडले, ते बरं पडतं.

चौदाही सीड्या उतरवल्या. रिठ्याच्या पाण्यात धुतल्या, जुन्या सुती लुगड्याने पुसल्या, ओटीवर सावलीत वाळत घातल्या. समोरची बाई विचारून गेली, "या वर्षी पापड असे का?" माळ्यावरून जुनी मशीन काढली, वायर लावली आणि एकेक सीडी घालून बघितली. गाडीची नुसती घरघरली. स्टिकर मी परत नीट चिकटवलं, पण घरघरलीच. बाराव्या सीडीपर्यंत तेच. तेरावीने पडद्यावर निळा रंग दाखवला आणि जीव सोडला. चौदावी चालली.

ती होती बदकाच्या पिल्लाची. अगदी लहान पोरांची. पिल्लू तळं ओलांडतं, दोघं खेळले तर दोन पिल्लं, मध्ये कमळाची पानं, पडलं की "अरेरे" म्हणतं. ती सीडी आम्हा दोघींना कधीच आवडली नव्हती. तेरा चांगल्या खेळांतला एकही वाचू नये आणि हे बदक वाचावं!

रविवारी मीच गेले. जुनी मशीन टॉवेलात गुंडाळून भाजीच्या पिशवीत, वर दोन जुने रिमोट, त्यावर पेरू. रिक्षा केली. नायगावच्या टॉवरखालचा रखवालदार म्हणाला, "आजी, भाजीवाल्यांची लिफ्ट मागे आहे." भांडले असते, पण चाळीस वर्षांपूर्वीची भाजीवाली खूश झाली.

दार नातीनेच उघडलं. पाच आठवड्यांत थोडी उंच झालेली. मी पिशवी खाली न ठेवताच बोलले, ठेवली असती तर राहून गेलं असतं.

"माझं चुकलं. तुझ्या वस्तू होत्या, तुला विचारायला हवं होतं. तुझी गाडी काही वाचली नाही. मी धुतली, पुसली, पण नाही वाचली. फक्त बदक राहिलंय."

तिने पिशवीत डोकावलं. पेरू बाजूला केले, एक रिमोट काढला, त्याची बटणं दाबून बघितली. मग मशीन उचलून आत नेली, टीव्हीच्या मागे वाकून वायर लावली. मी दारातच उभी, चपला पायात. बदक पडद्यावर आलं, "अरेरे" म्हणालं. ती सोफ्यावर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली:

"ये. पण आज तू माझ्या उजवीकडे बसायचं. तुझं डावं कोपर कमी लागतं."