सासूबाई कमेंटला उत्तर देतात

आमच्या सासूबाई दुपारची जेवणं आटोपली की दिवाणावर पाय लांब करून बसतात आणि आदल्या रात्रीच्या रिअ‍ॅलिटी शोच्या पेजवरच्या कमेंट वाचतात. एका घरात कोंडलेली माणसं, त्यांची भांडणं आणि त्या भांडणांवर इकडे लोकांची भांडणं. आपण वाचतो आणि सोडून देतो. सासूबाई उत्तर देतात. एका बोटानं, सावकाश, एकेका कमेंटला.

कोणी एखाद्या स्पर्धकाला आईबहिणीवरून बोललं की त्या लिहितात, ‘बाळा, जेवला नाही काय आज? रिकाम्या पोटी राग येते.’ हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता लोक म्हातारीची खिल्ली उडवणार. तर त्या शिव्या देणाऱ्यानं चक्क लिहिलं, ‘नाही आजी, कोराडीच्या वीज केंद्रात ड्युटीवर आहे. डबा विसरलो.’ मग दोघांचं कँटीनमध्ये आज काय मिळतं यावर बोलणं सुरू झालं आणि शिव्या राहिल्या बाजूला.

नुसतं गोड बोलणाऱ्यांतल्या मात्र त्या नाहीत. कोण जिंकावं याबद्दल त्यांची मतं पक्की. ‘आरडाओरडा काय पाहता? जेवल्यावर ताट कोन घासून राहिलं ते पाहा,’ असं त्यांनी एकदा लिहिलं. तेव्हापासून त्या पेजवर रोज कोणीतरी इमानदारीत कळवतं, आज ताट कोणी घासलं आणि कोण तसंच ठेवून उठलं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

मला स्वतःला हे जमत नाही. माझं डोकं लवकर तापतं. त्या दिवसांत तर जरा जास्तच तापायचं, कारण आई गेल्यापासून माझे बाबा रामटेकला एकटे होते. फोनवर ‘बरा आहे’ म्हणायचे आणि पाठोपाठ खोकायचे. त्यांना नागपूरला आपल्याकडे आणावं असं रोज मनात यायचं. पण मुलीच्या सासरी बाप कायमचा राहायला येणार, हे सासूबाईंना विचारायचं कोणत्या तोंडानं? नवरा म्हणायचा, तूच बोल. मी उद्यावर ढकलायचे.

त्यात शोमधली एक मुलगी वडिलांच्या आठवणीनं रोज रडायची. एका दुपारी मी आतल्या खोलीत जाऊन टोपणनावाच्या खात्यावरून लिहिलं, ‘बापाची एवढी काळजी आहे तर घरी राहून सेवा कर. टीव्हीवर कसली नाटकं?’ लिहून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळानं उत्तर आलं. सासूबाईंचं. जेवणाचं विचारलं असेल म्हणून उघडलं.

‘बाई, तुये बाबा कसे आहेत वं?’

मी फोन पालथा ठेवला. मग पुन्हा उचलला आणि लिहिलं, ‘एकटे आहेत.’

‘मंग घरी काहून नाही आनत त्याईले?’

‘सासूबाईंना विचारायची भीती वाटते.’ टोपणनावाआड होते म्हणूनच एवढं लिहायची हिंमत झाली.

मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही. मग एक ओळ उमटली, ‘सासू काही तुले खात नाही. जाऊन विचार.’

उठले. बाहेर सासूबाई फोन मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

“आई, बाबांना इकडे आणू का?” मी विचारलं.

“मी इकडे लिहिलं का तिकडे तुया फोन वाजून राहिला होता,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यांदा वाजला तवाच समजलं मले.”

मला तोंड लपवावंसं वाटलं. त्यांनी पाय जवळ घेतले आणि मला बसायला जागा केली.

“उद्या सकाळच्या बसनं दोघी जाऊ रामटेकले,” त्या म्हणाल्या. “तू एकटी गेली त ते येनार नाहीत, लेकीच्या घरी राहाले लाजतीन. विहिणीनं बोलावलं त यावंच लागन.”