खबर फोडणारा

खासबागेतल्या हॉटेलात रोज भेटणारा तो साध्या वेशातला पोलीस होता. सीमा आंदोलनाच्या बातम्या वर पोचवणं हे त्याचं काम. तरी आम्ही मोर्चाचं बोलू लागलो की आम्ही सावध व्हावं म्हणून तो मुद्दाम मोठ्यानं खोकायचा.

एकदा जवळ येऊन पुटपुटला, “उद्या बायकापोरं आणू नगासा. लाठीमाराचा हुकूम हाय.”

आमची डोकी फुटली, बायकापोरं वाचली. खबर फोडली म्हणून त्याची नोकरी गेली.

पुढं तो हॉटेलात आला, तेव्हा आमचे पुढारी अण्णा म्हणाले, “खाल्ल्या मिठाला जागला न्हाई. उद्या आपल्यालाबी इकंल.”

मी संतापलो. “अण्णा, त्या दिवशी वैनीस्नी कुणाच्या सांगण्यावरनं घरात ठिवलंसा?”

 तरी सरकून त्याला जागा कुणीच दिली नाही. त्यानं उभ्यानंच चहा घेतला, जाताना अण्णांना नमस्कार केला. मला त्या नमस्काराचाही राग आला.