साडीचा डबा

अमरावतीत आमच्या शेजारी ब्लाउज शिवणारी एक मावशी राहते. शिलाईचे पैसे आले की ओट्यावरच्या डब्यांत वाटून टाकते. गॅसचा डबा, लाइट बिलाचा, दवाखान्याचा. पितळी डबा मात्र लेकीच्या साडीचा. लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा रागात मावशीच तिला 'येऊ नको' म्हणाली होती. ती खरंच आली नाही.

मागच्या महिन्यात गॅस संपला, तेव्हा गॅसच्या डब्यात पैसे कमी पडले. मावशीनं दोन दिवस चूल पेटवली, पण पितळी डब्याला हात लावला नाही.

"त्यातले कावून नाई घेतले?" मी चिडून विचारलं.

"ते तिचे हायेत. आली तं काय नेसवू तिले?"

काल त्या डब्याशेजारी एक चिमुकली डबी दिसली.

"हे कोनाची?"

मशीनवरून मान वर न करता मावशी म्हणाली, "पोरगी झाली म्हनतात तिले."